आउकुसोचा चढ

वाइसोपो या बेटावरच्या गावाच्या जुन्या किनाऱ्यावर आता एकच बिऱ्हाड उरलं होतं, ते फुआतिनोचं. बाकीचं गाव त्या सप्टेंबरच्या त्सुनामीच्या लाटेनंतर टेकडीवर, तारोच्या कंदांच्या मळ्यांत जाऊन बसलं होतं. चर्च वर गेलं, शाळा वर गेली, पोरांचं किलिकितीचं, म्हणजे गावठी क्रिकेटचं, मैदानही वर गेलं. खाली राहिले रिकामे चौथरे, नारळी आणि ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याची त्याची थडगी. थडग्यांना काही बोचकं बांधून वर जाता येत नाही.

रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की सत्तरी ओलांडलेली ही बाई नवऱ्याच्या, आउकुसोच्या, थडग्याच्या कट्ट्यावर टेकायची आणि त्याला फैलावर घ्यायची. आधी किरकोळ तक्रारी निघायच्या. मासेवाल्यानं शिळा मासा गळ्यात मारला, कुणाच्या तरी डुकरानं रोपं उकरली, ऑकलंडच्या लेकीचा फोन आला नाही. मग गाडी रोजच्या ठिकाणी यायची.

“अख्ख्या गावाला शिकवलंस, चढताना मागं वळायचं नाही. डुकरासाठी नाही, पैशासाठी नाही, बायबलसाठीसुद्धा नाही. आणि तू काय केलंस?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिचं म्हणणं एवढंच होतं आणि दहा वर्षं ती ते वेगवेगळ्या शब्दांत म्हणत आली होती. आउकुसो काय उत्तर देणार? जिवंतपणी मात्र त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

तरुणपणी तो आपियाच्या वेधशाळेत कामाला होता. तिथं एका खोलीत जर्मन लोकांच्या काळचं एक अवाढव्य यंत्र होतं. माणसाच्या छातीएवढं उंच वजन तोलून धरलेलं, आणि त्याच्यापुढं काजळी धरलेल्या कागदाचा रूळ सावकाश फिरत असायचा. जमीन हलली की खोली हलायची, भिंती हलायच्या, कागद हलायचा. ते वजन तेवढं आपल्या जागी राहायचं, आणि त्याला जोडलेली सुई काजळीत पांढरी रेघ ओढायची. रोज सकाळी जुना कागद काढायचा, नवा कागद रॉकेलच्या दिव्यावर धरून काळा करायचा, हे आउकुसोचं काम. त्याची नखं कायम काळी असायची.

त्या काळ्या नखांनीच तर सगळा घोटाळा केला. मुलिनुऊच्या चर्चबाहेर तिच्याशी बोलताना त्यानं एकदा तिची बाही धरली. रविवारचा पांढराशुभ्र पोशाख, आणि दंडावर चार बोटं उमटली. फुआतिनोच्या आईला भूकंपातलं काही कळत नव्हतं, पण तो डाग वाचायला तिला कुठल्या यंत्राची गरज पडली नाही. दोन महिन्यांत लग्न लावून दिलं.

लग्नानंतर तिला कळलं की या माणसाला भूकंपाशिवाय दुसरा विषयच नाही. रात्री जेवताना ताटातला तारो बाजूला सारून तो तिला समुद्राचा तळ समजावून सांगायचा. तळाचा एक अजस्र कातळ पूर्वेकडून येतो आणि आपल्या दक्षिणेला, तोंगाच्या बाजूला, दुसऱ्याच्या खाली शिरतो. बाईचे केस वाढतात त्याहून जरा भरभर, एवढाच त्याचा वेग. पण शिरताना अडकतो. अडकला तरी मागचा रेटा काही थांबत नाही. मग एक दिवस अडकलेलं सुटतं, आणि वर्षानुवर्षांचं सरकणं एका दमात होतं. तिनं विचारलं होतं, की मग म्हातारी माणसं म्हणतात तो जमिनीखालचा, एकाच हाताचा भूकंपाचा देव माफुइए कुठे गेला? तो म्हणाला होता, तो आहेच, मी फक्त त्याच्या हाताची रेघ कागदावर काढतो.

फुआतिनो पहिल्यापासून हट्टी. एकदा नाही म्हणाली की नाही. आउकुसो पाहुण्यांना हसून सांगायचा, “आमच्या घरातलं वजन आहे ते. सगळं जग हललं तरी जागचं हलत नाही. पण असं एक माणूस घरात लागतंच, नाहीतर बाकीचे किती हलले ते मोजणार कशानं?” ती वरवर एखादं फटकळ उत्तर द्यायची, पण मनातून तिला ते आवडायचं. तिला अजूनही आवडत होतं. हल्ली ते आठवलं की तिला रडू यायचं आणि रडू आलं की त्याचा रागही यायचा.

पुढं नवी यंत्रं आली, काजळी गेली, आणि आउकुसो कामावरून मोकळा होऊन गावी परतला. मोकळा कसला! आता अख्खं वाइसोपो त्याच्या तावडीत सापडलं. मताईंच्या, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांच्या, बैठकीत तो पिसुपोचा, खारवलेल्या गोमांसाचा, डबा घेऊन जायचा. डब्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायची आणि पट्टी हळूहळू ओढायची. पट्टी ताणत जाते, डबा ढिम्म. सगळे बघत बसलेले. आणि मग एकदम डबा टुणकन उडी मारतो. “हा भूकंप,” तो म्हणायचा. “कधी उडी मारणार ते मला विचारू नका. डब्यालाही माहीत नसतं.” बैठक संपली की तो डबा मताई लोक फोडून खायचे, त्यामुळे या विषयावरच्या बैठकांना कधी गैरहजेरी नसायची.

त्यानं गावाला मोजायला शिकवलं. आधी एक बारीक धक्का येतो, तो धावरा. मागून मोठा हेलकावा येतो, तो आळशी. दोघं एकाच जागेहून एकाच वेळी निघतात. धावरा आल्यापासून आळशी येईपर्यंत सेकंद मोजा, आठानं गुणा, तितके किलोमीटर लांब काहीतरी सुटलंय. रेडिओवर सांगतात तो आकडा भूकंपाच्या जोराचा. तो एकानं वाढला तर जोर तीसेक पटीनं वाढतो. पण आकडा म्हणजे दिवा, आणि आपल्याला जाणवतं तो उजेड. दिवा एकच, जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. पक्क्या भिंतीच्या घरात असाल तर टेबलाखाली शिरून पाय धरून बसा. फालेत, म्हणजे बिनभिंतीच्या खांबांच्या घरात, असाल तर घाबरू नका, काथ्यानं बांधलेले खांब कुरकुरतील पण पडणार नाहीत. नारळीखाली मात्र उभे राहू नका, कारण भूकंपात वाचून नारळानं मेलेल्या माणसाच्या मयतीला लोक हसू दाबत येतात.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं. हलणं संपायची वाट बघून कंटाळा आला, की समजायचं चढायची वेळ झाली. रेडिओची वाट बघायची नाही, समुद्राकडं बघायला जायचं नाही, मागं वळायचं नाही, आणि एक लाट येऊन गेली म्हणून खाली उतरायचं नाही. गावातल्या तरुणांना हाताशी धरून त्यानं टेकडीवर जाणारी वाट खणून घेतली, पायऱ्या पाडल्या. लोक त्या वाटेला आउकुसोचा चढ म्हणायला लागले. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि मग दिवसभर खुशीत असायचा.

चुकला तो एकाच ठिकाणी. इशारा म्हणून त्यानं घंटा ठरवली.

घंटा म्हणजे तालियेच्या झाडाला टांगलेलं ऑक्सिजनचं रिकामं नळकांडं. रोज संध्याकाळी ते वाजलं की अख्खं गाव जिथं असेल तिथून घरात जाऊन मांडी घालून बसायचं. प्रार्थना सुरू झाली की रस्त्यावरून कुत्रं सोडून कुणी चालायचं नाही. फुआतिनोनं त्याला सांगितलं होतं, अरे, या आवाजावर ही माणसं जन्मापासून बसतात, उठणार कशी? तो हसला. म्हणाला, संध्याकाळी सावकाश तीन टोले, भूकंपाला थांबल्याशिवाय टोले, एवढा फरक शेंबड्या पोरालाही कळतो. पहिल्या सरावाला त्यानं घामाघूम होईपर्यंत घंटा बडवली. पोरं चढाकडं पळाली आणि अर्धं गाव डोळे मिटून, मांडी घालून बसलं. बसलेल्यांना बैठकीनं पिसुपोच्या डब्यांचा दंड केला आणि गाव महिनाभर हसलं. आउकुसोही हसला. पुढच्या सरावाला दहाबारा जण बसले, त्याच्या पुढच्याला तीनचार. आता जमलं, असं त्याला वाटलं.

त्या सकाळी जमीन हलली ती हलतच राहिली. चुलीवरचा कोको उलटला. आउकुसोनं घंटा बडवली, गाव चढाला लागलं. अर्ध्या चढावरून त्यानं खाली पाहिलं, तर किनाऱ्याच्या टोकाच्या फालेत म्हातारी सेफिना मांडी घालून, डोळे मिटून बसलेली. एवढा मोठा भूकंप झाल्यावर घंटा वाजली तर ती देवाचे आभार मानायलाच वाजणार, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाइसोपोत तसं वाटण्यात काहीच चूक नव्हतं. “तू हो पुढं, मी आलोच,” एवढं बायकोला म्हणून तो उतरला. फुआतिनो चढत राहिली, कारण मागं वळायचं नाही हे त्यानंच तिला शिकवलं होतं. लाट ओसरल्यावर त्याचं आणि सेफिनाचं प्रेत एकाच ठिकाणी सापडलं. त्यानं सेफिनाला पाठुंगळी घेतलं होतं.

तेव्हापासून फुआतिनो खाली. गावानं वर घर बांधून दिलं, ती गेली नाही. जमीन हलली तर काय करणार, असं विचारलं की म्हणायची, तो इथं एकटा आहे. बारीकसारीक धक्के येत राहायचे, ती कट्ट्याला हात लावून मोजत बसायची.

दहाव्या वर्षी लेक इयानेता ऑकलंडहून आली ती हाच विषय घेऊन. आईला वर हलवल्याशिवाय परतीच्या विमानात बसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तिनं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. मग एक दिवस बोलून गेली, की बाबा तुला वजन म्हणायचे ते काही उगाच नाही. तेही वाया गेलं. शेवटी आउकुसोचा धाकटा भाऊ, घराण्याचा मताई, तुइलोमा चटईवर येऊन बसला. हा माणूस फार बोलत नसे, आणि बोलला की लोक उठून उभे राहत.

“वहिनी, तुला त्याला सोडवत नाही, हेच ना?” तो म्हणाला. “मग त्यालाच वर नेऊ.”

हाडं काढून दुसऱ्या जागी नेऊन पुरायची रीत जुनी आहे, तिला लियुतोफागा म्हणतात, आणि फुआतिनोला ती ठाऊक नव्हती असं नाही. दहा वर्षांत तिनंच तो विषय शिताफीनं टाळला होता. आता पळवाट राहिली नाही. ती म्हणाली की हाडं धुवायचं काम ती स्वतः करणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. इयानेतानं ते कबूल केलं आणि आत जाऊन रडून घेतलं.

ठरल्या दिवशी ऊन चढायच्या आत पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. पुरुषांनी कट्टा फोडला, माती काढली, हाडं वर घेतली. मग पुरुष बाजूला झाले आणि बायका पाणी, खोबरेल, सियापोचं, झाडाच्या सालीचं, कापड आणि बारीक विणीची जुनी चटई घेऊन बसल्या. वर टेकडीवर नवी जागा खणून तयार होती, तापल्या दगडांचा उमू लावलेला होता, डुकराच्या भाजण्याचा वास खालपर्यंत येत होता.

फुआतिनोनं एकेक हाड धुतलं, पुसलं, तेल लावलं. तिला वाटलं होतं आपल्याच्यानं हे होणार नाही. पण हात चालत राहिले. तान्ह्या लेकीला तेल लावलं होतं तसंच ते काम होतं. हातांच्या बोटांची हाडं आली तेव्हा तिनं ती नीट उजेडात धरून पाहिली. काळं काहीच नव्हतं. मग कवटी आली, बाटलीचं झाकण दातानं उघडायला जाऊन तुटलेल्या पुढच्या दातासकट. तेव्हा तिला राहवलं नाही आणि ती बारीक आवाजात त्याला बोलू लागली. बायकांनी माना खाली घातल्या. नवराबायकोचं भांडण, मध्ये कोण पडणार?

तेवढ्यात पाण्याच्या भांड्यात बारीक थरथर उठली.

सगळ्यांच्या ओठांनी आपोआप मोजायला सुरुवात केली. वाइसोपोतल्या माणसाला झोपेत उठवलंत तरी तो आधी मोजेल. तेविसाला आळशी आला. नारळी डोलू लागल्या, भांडं कलंडलं, उभ्या माणसांनी जमिनीवर हात टेकले. रिकामे चौथरे एकमेकांवर दात खात असल्यासारखा आवाज येत होता. आणि ते संपेना. एक बाई म्हणाली, झालं आता. झालं नव्हतं. पुन्हा हलायला लागलं, तसंच, संथ, लांबलचक.

“चढा,” तुइलोमा म्हणाला. ओरडलासुद्धा नाही. घंटा आता नव्हतीच. नळकांडं लाटेबरोबर गेलं होतं आणि गावानं दुसरं टांगलं नव्हतं. बायका उठल्या, पाद्रीबाबांच्या बायकोला इयानेतानं दंडाला धरलं, पुरुषांनी म्हाताऱ्यांना पुढं घातलं आणि सगळे चढाला लागले. तेलाची बाटली आडवी पडली, चटई तशीच राहिली. कुणी मागं वळून पाहिलं नाही. आउकुसोनं शिकवलेलं गाव होतं ते.

फुआतिनो मात्र बसूनच होती. मांडीवर नवऱ्याचं डोकं होतं. तिनं फार विचार केला असं नाही. उठायचं तिच्या मनातच आलं नाही. गेल्या वेळी ती चढली होती आणि तो खाली राहिला होता. आता यावेळी तिला त्याला सोडून चढायचं नव्हतं, बस्स. समुद्र शांत दिसत होता. तिनं कवटीला लागलेली माती अंगठ्यानं पुसली आणि ती पुन्हा बोलू लागली, आउकुसो, का मागं आलास तू?

तेव्हा तिला चढावर पावलं ऐकू आली. उतरणारी.

इयानेता दोन दोन पायऱ्या टाकत खाली येत होती. केस सुटलेले, एक चप्पल कुठेतरी गेलेली. फुआतिनोच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज थडग्याला घालायची तीच वाक्यं तिच्या तोंडातून बाहेर पडली, की अक्कल कुठं ठेवलीस, एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं का, चढताना मागं वळायचं नाही हे कितीदा सांगायचं.

“का आलीस मागं?” ती म्हणाली.

इयानेताला धाप लागली होती. “तू बसली होतीस म्हणून.”

एवढंच ती म्हणाली, दुसरं काही नाही. आईचा हात धरून ओढलं नाही, विनवणी केली नाही. तीही शेजारी गुडघे टेकून बसली, जणू आता दोघींनीच मिळून ठरवायचं होतं.

फुआतिनो लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. दहा वर्षं एकच प्रश्न विचारत ती या कट्ट्यावर बसली होती, आणि त्याचं उत्तर इतकं साधं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी बसलं होतं म्हणून. त्याला नियम माहीत नव्हता असं नाही, बायको आठवत नव्हती असं नाही. खाली एक माणूस डोळे मिटून बसलं होतं आणि त्याला ते दिसलं होतं. तिला सेफिनाचा इतकी वर्षं जो राग होता, तोही तिनं स्वतःपाशी कधी कबूल केला नव्हता. आज सेफिनाच्या जागी ती होती. आणि पायरी उतरून आलेली ही तिची पोटची पोर होती.

तिनं डोकं मांडीवरून उचलून बाकीच्या हाडांशेजारी सियापोवर ठेवलं, कापडाची चारी टोकं एकत्र बांधली आणि त्यांवर चार दगड ठेवले. घाई केली नाही.

“मी जाते रे,” ती नवऱ्याला म्हणाली. “तू थांब.”

गुडघे कुरकुरत होते. इयानेतानं तिला पाठुंगळी घ्यायची तयारी दाखवली, तर ती म्हणाली की आपल्या घरात तेवढं मात्र नको. दोघी हात धरून चढल्या. मध्येच एकदा फुआतिनोला मान मागं वळवावीशी वाटली. तिनं वळवली नाही. पुढच्या पायरीकडं बघत, तोंडानं स्तोत्र पुटपुटत ती चढली. वर पोचल्यावर मगच तिला आपण रडतो आहोत हे कळलं.

वर सगळं गाव मैदानात बसलं होतं. खाली समुद्र मागं सरकला, खडक उघडे पडले, मग पाणी आलं. मोठं नव्हतं. रस्ता ओलांडून चौथऱ्यांपर्यंत आलं आणि परत गेलं. नारळींच्या आड गाठोड्याचा ठिपका दिसतो का ते वरून काही कळत नव्हतं. थोड्या वेळानं तुइलोमा उठला आणि कमरेची लुंगी घट्ट करत उताराकडं निघाला. उघड्यावर पडलेला भाऊ त्याला बघवत नव्हता, आणि त्याला अडवायची छाती गावात कुणाची नव्हती.

फुआतिनोनं त्याच्या लुंगीचा काठ धरला.

“तुइलोमा, अजून दुसरं पाणी येईल.”

“वहिनी, माझा भाऊ आहे तो.”

“माझा नवरा आहे,” ती म्हणाली. “मी आले ना सोडून?”

तुइलोमा उभाच राहिला, मग खाली बसला. दुसरं पाणी आलं, पहिल्याहून थोडं जास्तच. तिसरं आलं ते बारीक. उमूतलं डुक्कर केव्हाच शिजून तयार झालं होतं, पण कुणी उघडलं नाही. पोरांना भूक लागली तेव्हा फुआतिनोनंच सांगितलं की त्यांना वाढा, आउकुसोला उपाशी पोरं आवडायची नाहीत. मग ती त्यांना पिसुपोच्या डब्याची गोष्ट सांगत बसली. डबा कसा ताणला तरी हलायचा नाही आणि मग कशी उडी मारायचा, आणि शेवटी तो डबा कोण खायचं. लहान पोरांनी आउकुसोला पाहिलेलंच नव्हतं. पोरं हसत होती, सांगताना तीही हसली, आणि त्याच्याबद्दल बोलताना आपला आवाज चढला नाही हे तिच्या लक्षात आलं.

दुपार कलल्यावर रेडिओनं धोका टळल्याचं सांगितलं. तुइलोमा चौघांना घेऊन उतरला. इयानेतानं आईला विचारलं, तुला जायचंय का त्यांच्याबरोबर. फुआतिनोनं नकारार्थी मान हलवली. घरातलं सामान उद्या आणा म्हणाली, घाई नाही.

ती चढाच्या तोंडाशी चटई टाकून बसली. बऱ्याच वेळानं खालून माणसांच्या बोलण्याचा आवाज आला, मग डोकी दिसली. गाठोडं ओलं झालं होतं, कापडाला रेती चिकटली होती, पण दगड ठेवलेली टोकं सुटली नव्हती. सगळ्यात पुढं तुइलोमा होता, भाऊ दोन्ही हातांवर घेतलेला, प्रत्येक पायरी सांभाळून टाकत. शेवटची पायरी चढून तो तिच्यापुढं थांबला. गाव उठून उभं राहिलं.

फुआतिनो उठली नाही. तिनं हात लांबवून कापडावरची रेती झटकली.

“आलास?” ती म्हणाली. “हा चढ चढायला दहा वर्षं लावलीस.”

मग तिनं चटईवर थोडं सरकून त्याला जागा केली.